उसनी पोरं

इस्त्रीवालीच्या घरात एक कवायत होती. इस्त्री लोखंडी स्टँडवर दोनदा आपटली की धाकटी तिन्ही पोरं गायब व्हायची. पाचवी कपाटात, सहावा पलंगाखाली ट्रंकेच्या मागे आणि सातवा, ज्याला सगळे शेपूट म्हणायचे, तो गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या वेताच्या पेटीत. त्याच्यावर दोन चादरी आणि पेटीवर झाकण. दहा मोजायच्या आत घरात चारच मुलं उरत, आणि तीही अभ्यास करताना दिसत.

हा सगळा खटाटोप घरमालकासाठी होता. तीन वर्षांपूर्वी ही मंडळी घर शोधत होती, तेव्हा अकरा मालकांनी मुलांचा आकडा ऐकून दार लावून घेतलं. बाराव्याने विचारलं, "मुलं किती?" नवरा बेकरीत भट्टीवर काम करणारा, सरळमार्गी माणूस. तो खरं सांगायला तोंड उघडतोय तोच बायकोने त्याच्या पायावर पाय दिला आणि ती म्हणाली, "चार." तेव्हा सहा होती. सातवं वाटेवर होतं, पण ते कोणी विचारलं नव्हतं. मालकाने करारनाम्यात कलमच घातलं, चारपेक्षा जास्त मुलं आढळली तर आठ दिवसांत खोल्या खाली करायच्या.

मालक महिन्याच्या एक तारखेला यायचा. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत जिना चढायचा, म्हणून त्याची चाहूल आधीच लागायची. भाडं खिशात घातलं की त्याला बोलायचा झटका येई. "आम्ही कर भरायचा आणि लोकांनी पाळणे हलवायचे! सरकारने पोसायचं काय कारण? तुमचं ठीक आहे बाई, तुमची चारच आहेत. पण ती सहा-सहा, सात-सातवाली माणसं! लाज कशी वाटत नाही?" इस्त्रीवाली कॉलरीवर पाणी शिंपडत म्हणायची, "कमाल आहे हो लोकांची." कपाटात पाचवी तोंडावर हात दाबून हसू आवरायची.

मालकाचं मुलांकडे लक्ष नसे, डोक्यांचा आकडा जुळला की झालं. एकदा थोरला शाळेतून आला नव्हता, म्हणून आयत्या वेळी सहाव्याला पुढे बसवावं लागलं. मालक त्याच्याकडे बघून म्हणाला, "हा मागच्या महिन्यात उंच होता ना?" इस्त्रीवालीने पापणीही न हलवता सांगितलं, "ताप येऊन गेला. खंगलाय." मालकाला ते पटलं.

पण गमतीचा भाग सोडला तर तिला या कवायतीची मनापासून चीड होती. शेपूट अडीच वर्षांचा होता. त्याला नीट बोलता येण्याआधी गप्प बसता यायला लागलं. किल्ल्या वाजल्या की खेळणं टाकून तो आपणहून पेटीकडे धावायचा. स्वतःच्या घरात पोरांनी चोरासारखं राहायचं म्हणजे काय? पण बारावं घर सुटलं तर तेरावं कुठे मिळणार होतं?

त्यातच कल्याण खात्याचं पत्र आलं. कमी कमाईच्या घरांना खातं मुलांमागे भत्ता देई. इस्त्रीवालीने तिथे काही लपवलं नव्हतं, सातच्या सात जन्मदाखले जोडले होते. भत्त्यातून दूध निघे, वह्या निघत, बूट निघत, आणि भाड्याचा चांगला अर्धा भाग निघे. म्हणजे ज्या सरकारी पैशावर मालक दर महिन्याला तोंडसुख घेई, तोच पैसा त्याच्या खिशात जाई. हे त्याला कोणी सांगायच्या फंदात पडलं नव्हतं. पत्रात लिहिलं होतं, मंगळवारी अकरा वाजता तपासनीस घरी येतील. प्रत्येक मूल समक्ष दाखवावं, न दिसलेल्या मुलाचं नाव कमी होईल.

मंगळवार म्हणजे तारीख एकवीस. मालक यायचा प्रश्नच नव्हता. तिने सगळ्यांना शाळेतून घरी ठेवलं, नखं कापली, भांग पाडले आणि सातही जणांना उंचीप्रमाणे भिंतीला उभं केलं. साडेदहा वाजले होते. आणि जिन्यात किल्ल्या खुळखुळल्या.

कोणीतरी चुगली केली, दुसरं काय असणार! तिचा हात सवयीने चालला आणि इस्त्री दोनदा आपटली. मालक आत आला तेव्हा चार मुलं पुस्तकं उघडून बसली होती. गडबडीत त्यातली दोन उलटी होती.

मालकाचं पुस्तकांकडे लक्ष नव्हतं. चेहरा पांढराफटक, शर्ट घामाने भिजलेला. तो समोर दिसेल त्या वस्तूवर धपकन बसला. ती वस्तू म्हणजे वेताची पेटी होती.

"बाई," तो म्हणाला, "माझी अब्रू तुमच्या हातात आहे."

इस्त्रीवालीचा जीव पेटीत होता. पेटी कुरकुरली, पण शेपूट चकार शब्द बोलला नाही. "तुम्ही खुर्चीवर बसा ना, मालक," ती म्हणाली.

"खुर्ची राहू दे. ऐका. खात्याने नवी सवलत काढलीय. मोठ्या कुटुंबाला घर भाड्याने दिलं की मालकाला घरपट्टीत सूट. सहा मुलांपासून पुढे."

"बरं."

"तर मी अर्जात सहा लिहिली."

इस्त्रीवालीने पटकन तोंड फिरवलं आणि एक घडी केलेला शर्ट मोडून पुन्हा घडी करायला घेतला. हसू आवरायला तेवढा वेळ लागला. "अहो, पण सरकारने पोसू नये असं तुम्हीच म्हणता ना?"

"हे पोसणं नव्हे, ही सूट आहे," मालक दुखावल्यासारखा म्हणाला. "ते जाऊ दे. आज अकरा वाजता तपासनीस बाई येतेय. तुमच्याकडेही तीच येणार म्हणे. सहा दिसली नाहीत तर मला दंड होईल, पेपरात नाव येईल. तासाभरासाठी दोन पोरं कुठून उसनी मिळतील का?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तीन वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच तिच्याशी डोळ्याला डोळा देऊन बोलत होता.

"मिळतील की," ती सावकाश म्हणाली. "पण ती बाई करारनामा मागेल. त्यात तुमच्याच हातचं कलम आहे, चारपेक्षा जास्त नकोत म्हणून. मग सहा कशी काय, म्हणून विचारलं तर?"

मालकाने कपाळावर हात मारला. तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून करारनामा काढून दिला. कपाटाचं दार तिने जेमतेम वीतभर उघडलं. मालकाने ते कलम आडवी रेघ मारून खोडलं, शेजारी 'मुलांच्या संख्येची अट नाही' असं लिहिलं आणि सही ठोकली. "आणखी काय?"

"मागच्या खोलीचा नळ वर्षभर गळतोय."

"उद्या माणूस पाठवतो! आधी पोरं आणा!"

"तुम्ही जरा गॅलरीत उभे राहा, जिन्यावर नजर ठेवा," ती म्हणाली. मालक उठला तेव्हा तिने कुठे श्वास सोडला. तो गॅलरीत गेल्यावर तिने मागचं दार धाडकन उघडलं, कोणीही नसलेल्या मागच्या जिन्याकडे तोंड करून "अहो ताई, जरा दोन मुलं द्या हो!" अशी हाक मारली, आणि दार पुन्हा धाडकन लावलं. मग कपाटातून पाचवीला काढलं आणि पलंगाखालून सहाव्याला ओढलं. सहाव्याच्या डोक्यावर जळमट होतं. शेपटाला काढणार, एवढ्यात मालक आत आला आणि पुन्हा पेटीवर बसला.

"इतक्यात मिळाली?"

"शेजार चांगला आहे."

मालकाने दोघांना मंडईतली वांगी बघावीत तसं वर-खाली पाहिलं. "तुमच्यासारखी अजिबात दिसत नाहीत हो. ह्याचं नाक तर भलतंच. चालवून घेऊ." मग तो पाचवीकडे वाकला. "हे बघ बाळ, एक बाई येईल. तिच्यासमोर ह्यांना आई म्हणायचं. म्हणून दाखव बघू."

पाचवीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

"आई," पाचवी म्हणाली.

"अगं जरा मनापासून म्हण! खरं वाटलं पाहिजे!"

पाचवीने सहा वेळा म्हणून दाखवलं. सहाव्या वेळी मालकाचं समाधान झालं.

अकराला तपासनीस बाई आल्या. सकाळपासून जिने चढून दमलेला चेहरा, काखेत फाइल, पिशवीत शिक्का. हसणं नाही, ओरडणंही नाही. त्या एकेका मुलासमोर उभ्या राहिल्या, दाखला पाहिला, नाव विचारलं आणि खूण केली. उसनी दोघं आपली नावं, जन्मतारखा घडाघडा सांगताना बघून मालक मनातल्या मनात टाळ्या वाजवत होता. इतक्या थोड्या वेळात काय पढवलंय!

"सहा," बाई म्हणाल्या. "सातवं कुठे आहे?"

मालक ताडकन बोलला, "सहाच आहेत, मॅडम! मी जातीने मोजलीत. माझ्या अर्जात सहाच लिहिलीत."

"ह्यांच्या कागदात सात आहेत. नसेल तर सातवं नाव कमी करते." बाईंनी पेनाचं टोक कागदावर टेकवलं.

इस्त्रीवाली पुढे धावली. "थांबा, आहे तो! शेपटा, ये बाळा बाहेर!"

कोणी आलं नाही. येणार कसं? मालकाचा आवाज येतोय तोवर आईने हाक मारली तरी हलायचं नाही, हे तिनेच तर शिकवलं होतं. अडीच वर्षांचं पोर शहाण्यासारखं तिचा शब्द पाळत होतं, आणि त्यापायी त्याचं नाव जाणार होतं.

"मालक, उठा."

"अं?"

"उठा म्हणते ना! त्याच्यावर बसलायत तुम्ही!"

मालक असा उडाला की किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. तिने झाकण काढलं, चादरी दूर केल्या. शेपूट आत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, घामाघूम, डोक्यावर कोणाच्या तरी शर्टाची बाही. डोळे टक्क उघडे आणि ओठ गच्च मिटलेले. तिने त्याला उचलून छातीशी धरलं. तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

तपासनीस बाईंनी सातव्या नावापुढे खूण केली. मग त्या मालकाकडे वळल्या. "घरात किती मुलं आहेत हे मालकांनाच माहीत नाही?"

"माहीत आहे! माहीत आहे!" मालकाला दरदरून घाम फुटला. "हा तर माझा लाडका. आमचा हा खेळच आहे, लपाछपी. मी आपला नम्रपणे सहा लिहिली."

"मग इथे सही करा. सात मुलं, मालकाच्या माहितीने आणि संमतीने. सवलतही सातची होईल. जास्त मिळेल."

जास्त म्हटल्यावर मालकाच्या चेहऱ्यावर रंग परतला. त्याने सही केली. वर म्हणालाही, "सरकार खरंच चांगलं काम करतंय, मॅडम." बाईंनी शिक्का मारला, एकेक प्रत दोघांच्या हातात दिली आणि पुढचा जिना चढायला निघून गेल्या.

त्यांची पावलं विरल्यावर मालक हसत सुटला. हसता हसता त्याला ठसका लागला. "मानलं बाई तुम्हाला! दोन मागितली, तुम्ही तीन आणलीत! आणि त्या शेवटच्याला पेटीत घालून ठेवायचं डोकं म्हणजे... चला, आता पोचवून या त्यांना. त्यांच्या घरचे वाट बघत असतील."

इस्त्रीवालीने प्रत घडी करून करारनाम्यात ठेवली आणि करारनामा फळीवर.

"ती घरीच आहेत, मालक," ती म्हणाली.

मालकाचं हसू थांबलं. त्याने पाचवीच्या नाकाकडे पाहिलं, मग सहाव्याच्या, मग त्यांच्या आईच्या. थोरल्यापासून शेपटापर्यंत सात चेहरे त्याने पहिल्यांदाच मोजले. करारनाम्यावर आणि बाईंच्या कागदावर त्याचीच सही होती. त्याने वाकून जुडगा उचलला.

किल्ल्या वाजल्याबरोबर शेपूट आईच्या कडेवरून घसरून पेटीकडे धावला. तिने त्याला वाटेत पकडलं, पेटीचं झाकण लावलं आणि त्याला झाकणावर उभं केलं.

"आता नाही लपायचं, बाळा. ओरड, काय ओरडायचं ते."

त्याने आधी आईकडे पाहिलं, मग मालकाकडे. खरंच का, असं त्याच्या डोळ्यांत होतं. आईने मान हलवली. मग शेपटाने छाती भरून श्वास घेतला आणि अडीच वर्षांचं साठलेलं असं काही ओरडला की मालक दोन्ही कानांवर हात ठेवून जिना उतरला.