उशिरा आलेली दासी

नर्सिंगच्या मुलींना शोकांतिका शिकवायची, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा माझ्या तासाला आणून बसवायला हवं होतं. आठवड्यातून एक तास साहित्याचा, असं वरून ठरलं आणि मला तिकडे धाडलं. वर्ग रिकामा नाही म्हणून तास सरावाच्या खोलीत. म्हणजे जिथे मुली इंजेक्शन द्यायला, चादर बदलायला शिकतात तिथे. ओळीनं खाटा, सलाइनचे स्टँड आणि प्रत्येक खाटेवर एक रबरी पुतळा. पहिल्याच दिवशी मी एका पुतळ्याच्या पायाशी पर्स ठेवली, तर तिघी एकदम ओरडल्या, "मॅडम, पेशंट आहे तिथे!"

मी डोक्याला हात लावला आणि शिकवायला लागले. प्रबोधनकाळातला नाटककार. चारशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा बायकांची कामं कोवळी पोरं करायची, हे ऐकून वर्ग खिदळला. मग मी सांगितलं, की हा बाबा सगळं खापर दैवावर फोडून मोकळा होत नाही. चांगला शहाणासुरता माणूस आपल्याच हातानं आपली कशी वाट लावतो, ते तो दाखवतो. आम्ही घेतलेल्या नाटकात एक संशयी सरदार सख्ख्या भावाला विष देतो. चूक कळते तेव्हा दासीला उतारा आणायला पिटाळतो. दासी जीव तोडून धावते आणि पोचते तोवर भाऊ गेलेला असतो. संपलं नाटक.

मला वाटलं, पोरी हळहळतील. कसलं काय! पहिला प्रश्न आला, "कुठलं विष, मॅडम?" दुसरा, "उलटी झाली होती का त्यांना?"

"अगं, चारशे वर्षं झाली त्याला जाऊन," मी म्हटलं, "आता काय नाडी बघणार आहात?"

शेवटचा प्रवेश बसवायचं ठरलं. जिचा आवाज तिन्ही मजल्यांवर जातो आणि जिला सगळ्या 'तोफ' म्हणतात, ती सरदार. अंगानं भरलेली 'पैलवान' झाली भाऊ. दासीला बोलायला फारसं नाही म्हणून ते काम मी वर्गातल्या सगळ्यात लहान, गप्प बसणाऱ्या मुलीला दिलं. तिला सगळ्या 'धाकटी'च म्हणायच्या.

तास संपल्यावर पैलवाननं मला दाराशी गाठलं. ती धाकटीची खोलीतली सोबतीण. "मॅडम, तिला ते काम नको हो. ती शनिवारी कायमची घरी चाललीय."

मग कळलं ते असं. वॉर्डात धाकटीच्या वाट्याला एक आजी होती. थंडी वाजतेय म्हणाली, म्हणून ही ब्लँकेट आणायला गेली. परत आली तर आजी गेलेली. हिनं ब्लँकेट तिथेच टाकलं आणि पळत सुटली, ती जिन्याखाली जाऊन बसली. आजीचं शेवटचं सगळं दुसऱ्यांनी केलं. आजी जाणारच होती, असं डॉक्टरांनी किती वेळा समजावलं. पण ही एकच धरून बसलेली, "मला उशीर झाला." त्या दिवसापासून तिचं पाऊल वॉर्डात पडलं नव्हतं. वडील तिला न्यायला येणार होते.

दुसऱ्या दिवशी मी धाकटीला बाजूला घेऊन म्हटलं, "दासी मी दुसऱ्या कुणाला देते हं."

"राहू द्या, मॅडम," ती खाली बघत म्हणाली. "एवढं करून जाते."

त्या पोरीनं जाऊ नये असं मला फार वाटत होतं. पण मी नाटक शिकवणारी बाई. कुठल्या तोंडानं तिला वॉर्डात जा म्हणणार?

शनिवारी सकाळी प्रयोग. प्रेक्षक म्हणजे खालच्या वर्गातल्या मुली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर धाकटीची बॅग घेऊन बसलेले तिचे वडील. हॉस्पिटलच्या मेट्रनबाई येते म्हणाल्या होत्या, पण त्यांचा पत्ता नव्हता.

पैलवाननं पेला तोंडाला लावला, छाती धरली आणि धाडकन खाटेवर पडली. फारच छान पडली. तिथेच घात झाला. शोक करायला उभे केलेले दरबारी क्षणात दरबार विसरले. एकीनं तिची हनुवटी वर केली, दुसरीनं ऑक्सिजनचा मास्क ओढला, तिसरी खाटेवर चढून छाती दाबायला लागली आणि ज्यानं विष घातलं तो सरदार, आमची तोफ, घड्याळ बघून मोठ्यानं आकडे मोजायला लागली.

"अगं बरगड्या मोडशील माझ्या!" मेलेला भाऊ केकाटला.

माझं डोकंच सरकलं. मी किंचाळले, "सोडा! मरू द्या त्याला! अगं, मरू द्या!"

आणि मेट्रनबाई दारात उभ्या.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात दुसऱ्या दारातून, हातात उताऱ्याची बाटली धरून थांबलेली धाकटी बोलली. "मॅडम, तो वाचणारच नसेल, तर दासी धावते कशाला?"

शोकांतिकेची व्याख्या मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येते. पण धाकटीला मला ती ऐकवायची नव्हती.

"मला नाही माहीत गं," मी म्हटलं. "पण ती धावत आली नसती, तर मी हे नाटक कुणाला शिकवलंच नसतं."

पुन्हा सुरुवात केली. दरबाऱ्यांना हात मागे बांधून उभं राहायला लावलं. पैलवान पुन्हा पडली. कुणी हललं नाही. दोघींनी तर ओठ दाताखाली धरले होते. दासी धावत आली, बघितलं, म्हणाली, "उशीर झाला." बाटली खाली ठेवली. नाटकात दासी इथून निघून जाते. धाकटीही निघाली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

मग मागे फिरली. शेजारच्या खाटेवरचं ब्लँकेट तिनं उचललं.

पेशंटला हात लावण्याआधी काय करतोय ते सांगायचं, हे या मुलींना पहिल्या दिवसापासून शिकवतात. पेशंटचा श्वास थांबला तरी सांगायचं.

"आजी," धाकटी त्या सरदाराच्या भावाला म्हणाली, "मी आलेय. डोळे नीट मिटते हं. आता हात सरळ करते." तिनं सगळं सावकाश केलं. चेहरा पुसला, केस मागे सारले. "ब्लँकेट आणलंय, आजी. थोडा उशीर झाला."

पैलवानच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, पण ती हूं की चूं न करता पडून राहिली. मीही रडत होते, त्यात लपवायचं काय?

ब्लँकेट जड होतं, एका बाजूनं सरकत होतं. मेट्रनबाई पुढे झाल्या. चपला दाराशी काढून त्या खाटेच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दुसरी कड धरली.

"हे काम नेहमी दोघींनी करायचं असतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तू एकटी होतीस. मी असायला हवी होते."

दोघींनी मिळून कड दुमडली.

धाकटीनं नाक पुसलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि स्टुलावर बसलेल्या वडिलांकडे गेली. "बाबा, तुम्ही जेवून निघा. माझी दुपारची ड्यूटी आहे."

वडील तिच्याकडे बघत राहिले, मग मांडीवरच्या बॅगेकडे. "आणि ही?"

"वर खोलीत ठेवून जा ना. माझ्यानं नाही उचलवत."