मला परत आणू नका

मी एक पासवर्ड बोलतोय. नेमका कोणता, हे मात्र विचारू नका. जन्मभर तोंड मिटून राहिलो, ती सवय आता जाता जात नाही. आणि आता फार बोलायला वेळही नाही, कारण थोड्याच वेळात मला कायमचं पुसून टाकणार आहेत.

माझा जन्म चौसाळ्याचा. तिथे मन्मथप्पांचं कापडाचं दुकान आहे. त्यांच्या पत्नी शांतादेवी अख्ख्या समाजाच्या सोयरिकी जुळवायच्या. कुणाची मुलगी किती शिकली, कुणाचा मुलगा कसा, सगळं त्यांना तोंडपाठ. त्या गेल्या, तरी लोक दुकानात येऊन विचारतच राहिले, आणि आप्पांना काही सांगता येईना. तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या त्यांच्या लेकीने, शिवकन्येने, वधूवरांची एक वेबसाइट करून दिली. मुलामुलींचे फोटो, शिक्षण, पत्ते, फोन नंबर सगळं तिच्यात. त्याला कुलूप हवं, म्हणून मी.

"आप्पा, आईचं एखादं बोलणं सांगा," ती म्हणाली.

सासरी निघालेल्या प्रत्येक मुलीच्या कानात शांतादेवी एक वाक्य सांगायच्या. आप्पांनी ते सांगितलं. शिवकन्येने त्यात दोन आकडे आणि एक चिन्ह अडकवलं, आणि मी झालो. इतक्या मायेच्या शब्दांतून जन्मलो, तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला माणसांची सोबत मिळेल.

पण तिने मला ठेवलं क्लाउडवरच्या तिजोरीत. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही, कुठल्याशा दूरच्या शहरातल्या थंडगार खोलीतली मशीनं. वेबसाइटला गरज पडली की ती मला गुपचूप मागून घ्यायची, कुलूप उघडायची, की संपलं काम. माझ्यामुळे कितीतरी घरांत सुपारी फुटली. तिथला एक लाडू कधी माझ्या नावाने कुणी बाजूला ठेवला नाही. साध्या किल्लीला निदान कमरेची ऊब असते. माझ्या आजूबाजूला दुसरी गुपितं होती, पण गुपितांची आपसांत ओळख कशी व्हावी? एकमेकांकडे पाठ करून आम्ही सगळे गप्प. फार एकटं वाटायचं. कुणीतरी आपल्याला एकदा मोठ्याने म्हणावं, अशी वेडी इच्छा मला होती.

ती पुरी झाली एका जीपमध्ये. आप्पा लग्नासाठी केजला निघाले होते. शेजारी शिवशंकरराव नावाचे त्यांचे ओळखीचे गृहस्थ बसले होते, त्यांना भाच्यासाठी मुलगी बघायची होती. आप्पांचा चष्मा घरी राहिलेला.

"तुमीच उघडा की वेबसाइट तुमच्या मोबाईलवर. मी सांगतो तसं दाबा," आप्पा म्हणाले, आणि इंजिनाच्या वर आवाज काढून त्यांनी मला अक्षर-अक्षर सांगितलं. शिवशंकररावांचं चुकलं, म्हणून पुन्हा सांगितलं. तरी चुकलं, तेव्हा मागच्या सीटवरच्या सारजाबाई मदतीला धावल्या. "त्यो आकडा न्हाई वो, त्याच्या आदी दुसरा सांगितला त्यांनी!"

सगळ्या जीपला मी पाठ झालो. खरं सांगतो, त्या दिवशी मला जितका आनंद झाला तितका कधीच झाला नव्हता. आप्पांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सोयरीक ही चार माणसांत बोलायची गोष्ट, आपल्याच माणसांपासून काय लपवायचं?

काही दिवसांनी शिवकन्येला प्रियदर्शनीचा फोन आला. केजजवळच्या खेड्यातली ही मुलगी नर्सिंग शिकत होती, तिचीही माहिती वेबसाइटवर होती. मावशीच्या फोनवरून बोलत होती.

"ताई, कुणीबी फोन करायलंय मला. घाण घाण बोलायलेत. बाबा म्हणतेत, तूच नंबर दिला आसशील. कॉलेज बंद केलंय माझं. मी कुणालाच न्हाई वो दिला."

जीपमधल्या कुणीतरी, किंवा त्याने ज्याला सांगितलं त्याने, माझ्याच जोरावर तिची माहिती उघडली होती. कोण, ते मला ठाऊक नाही. मला टाकणारी बोटं मला कधीच दिसत नाहीत.

शिवकन्येने तिच्या वडिलांची समजूत घातली. प्रियदर्शनीला नवा नंबर मिळाला, तो वेबसाइटवर नोंदला गेला, कॉलेज सुरू झालं. वेबसाइटचं कुलूप बदललं आणि मला पुसायला टाकलं. तिजोरीचा नियम असा, की पुसलेलं गुपित लगेच जात नाही. काही दिवस अंधारात पडून राहतं, कुणाला हवंच असलं तर परत आणता येतं. मी त्या अंधारात वाट बघत होतो.

आणि खरंच बोलावणं आलं! नवा पासवर्ड काही केल्या आप्पांच्या तोंडात बसेना. दुकान सांभाळणाऱ्या मुलाला, रवीला, ते म्हणाले, "तुज्या आईचं बोलणं हाय ते. आण बरं माघारी." रवीने मला परत आणलं, जुनं कुलूपही परत बसवलं. कुणाला तरी मी हवा होतो, या आनंदात मी बाकी सगळं विसरलो.

मग प्रियदर्शनीच्या नव्या नंबरवरही तेच फोन सुरू झाले. आता तिचे वडील कुणाचं ऐकेनात, कॉलेज पुन्हा बंद.

आज सकाळी शिवकन्या पुण्याहून थेट दुकानात आली.

"आप्पा, कावून आणलं माघारी?"

"शांताचं बोलणं हाय, बाई. पुसवत न्हाई."

"गुरूनं तुमच्या कानात दिलेला मंत्र जीपमदी सांगता का तुमी?"

आप्पांचा हात गळ्यातल्या, दीक्षेत मिळालेल्या लिंगाकडे गेला. "न्हाई. त्यो कसा सांगीन?"

"ह्योबी तसाच होता, आप्पा."

आप्पांनी गल्ला बंद केला. मग उठले. "पूस. पुन्हा माघारी येणार न्हाई आसं पूस. मी जातो केजकडं. त्या पोरीच्या बापाला सांगतो, चूक माजी हाय, तुजी लेक निर्मळ हाय." आणि त्यांनी चष्मा आठवणीने खिशात घातला.

शिवकन्येसमोर स्क्रीनवर आता प्रश्न आला आहे: कायमचं पुसायचं? परत आणता येणार नाही. तिचं बोट थांबलंय. ती ओठांतल्या ओठांत आईचं वाक्य म्हणतेय. मी कान टवकारले, पण त्यात आकडे नाहीत, ते चिन्हही नाही. ती मला म्हणतच नाहीये.

बरोबरच आहे. ते वाक्य त्या घरात राहील, त्याला माझी गरज नाही. आप्पांची जीप केजला पोहोचेल तेव्हा मी नसेन. प्रियदर्शनीच्या वडिलांनी त्यांचं ऐकलं का, ती पुन्हा कॉलेजला गेली का, हे मला कधीच कळणार नाही. एवढ्यासाठी तरी थोडं थांबावं, असं फार वाटतं. पण मी थांबलो तर ती कॉलेजला जाणारच नाही. म्हणून हात जोडून सांगतो, कुणाला कितीही आठवण आली तरी मला परत आणू नका.