चार वाजून बारा मिनिटं

खंडेनवमीच्या सकाळी नऊ चाळीसला आमची यंत्रं सांभाळणाऱ्या तानबाकाकांनी ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला. समुद्रपूरच्या पुढे एका ट्रस्टचा दवाखाना आहे, तिथे लसींच्या फ्रिजशेजारी भिंतीवर आमचा नोड टांगलेला आहे. नोड म्हणजे टिफिनच्या डब्याएवढी पांढरी पेटी. फ्रिज किती थंड आहे हे ती दर मिनिटाला सिंदी मेघेच्या आमच्या ऑफिसला कळवते आणि फ्रिज तापला तर सिस्टरच्या फोनवर निरोप धाडते. फोटोत या पेटीवर हळदीकुंकवाची बोटं होती, वायरीला लाल धागा, वर झेंडूचं फूल. खाली लिहिलं होतं, 'मशीन बंद करून पूजा केली. पाच मिन्टात चालू केली. सर्वाले शुभेच्छा.'

मी तेव्हा नागपूरला मावशीकडे पोहे खात होते. दीक्षाभूमीला जायचं म्हणून आई आणि मी आदल्या दिवशीच पोचलो होतो. फोटो पाहून मी खो खो हसले, आईलाही दाखवला. आई म्हणाली, "हसू नको. काम करणाऱ्याचं कामावर मन आहे ते."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझं हसू जिरलं. कांता सिस्टरनं सकाळी फ्रिज उघडला तर आत चौदा डिग्री. लसीला आठच्या वर चालत नाही. सुट्टीत केव्हातरी फ्रिजची मोटर बंद पडली होती, आणि जिनं बोंब मारायची ती पेटी मुकी होती. ऑफिसातला पडदा लाल झालाही असेल, पण सणाच्या दिवशी त्याच्यासमोर बसतो कोण? फ्रिजमधली सगळी लस फेकावी लागली. सकाळपासून कडेवर बाळं घेऊन बसलेल्या बाया परत गेल्या.

माझं डोकंच फिरलं. मी काकांना फोन लावून वाट्टेल ते बोलले. यंत्र हळदीकुंकवावर चालत नाही, म्हटलं. तुमच्या देवाला सांगा आता लस आणून द्यायला, असंही म्हटलं. काका फक्त "हो जी, हो जी" करत राहिले.

दुपारी एकला मी दवाखान्यात पोचले तेव्हा कृष्णकांत सर आधीच आले होते. सर आमच्या कंपनीचे जिल्ह्याचे प्रमुख. आवाज कधी चढवत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. डॉक्टरांच्या खोलीत टेबलावर त्यांनी एक कागद ठेवला होता. तानबाकाका आमच्या कंपनीकडून कंत्राटावर होते, सतरा वर्षं. तो कागद त्यांना कामावरून काढण्याचा होता.

"नवी लस घेऊन वर्ध्याहून गाडी निघाली, तीनपर्यंत येते," सर म्हणाले. "फ्रिज दुरुस्त झाला आहे. पण नोड सुरू असल्याशिवाय सिस्टर लस आत ठेवणार नाही. तू नोड सुरू कर, आणि दोन ओळींचा अहवाल दे. पेटी बंद केली म्हणून नोड पुन्हा उठला नाही, एवढं लिही. मग मी यावर सही करतो."

काकांचं वय छप्पन्न. या वयात त्यांना दुसरीकडे कोण ठेवणार? पण मी रागात होते. मी म्हटलं, "लिहिते."

पेटीसमोर स्टूल ओढून मी लॅपटॉपची वायर जोडली. नोडला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि तो काय उत्तर देतो ते वाचायचं. मी 'नोड स्टार्ट' टाइप केलं. उत्तर आलं: जागा शिल्लक नाही.

मला वाटलं माझंच काही चुकलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच.

मग आठवलं.

अष्टमीला याच नोडचे निरोप उशिरा येत होते. कारण शोधायला मी ऑफिसातून तो बंद करून पुन्हा सुरू केला होता, आणि या वेळी हुकुमापुढे 'ट्रेस' जोडलं होतं. ट्रेस लावला की नोड आपलं प्रत्येक पाऊल लिहून ठेवतो: आकडा घेतला, तपासला, पाठवला, उत्तराची वाट पाहिली. सेकंदाला शेकडो ओळी. काम झालं की ट्रेस बंद करायचा असतो, नाहीतर पेटीतली सगळी जागा तोच खाऊन टाकतो. 'ट्रेस तासाभरात बंद करणे' हा कागद ऑफिसच्या भिंतीवर मीच माझ्या अक्षरात चिकटवला आहे. त्या दिवशी आईचा फोन आला, "काऊन उशीर करून राह्यली? गाडी निघते ना," आणि मी लॅपटॉप मिटवून पळाले.

मी ट्रेसची शेवटची ओळ काढली. खंडेनवमी, पहाटे चार वाजून बारा मिनिटं. ओळ अर्ध्यातच तुटलेली.

काकांनी पूजा केली नऊ चाळीसला. साडेपाच तास आधीच मेलेल्या पेटीवर त्यांनी फूल वाहिलं होतं. बटण बंद केल्यानं काहीही झालं नव्हतं. अशा पेट्या दिवसातून चारदा वीज गेली तरी आपणहून उठतात, हे मला ठाऊक होतं. सकाळी फोनवर ओरडतानाही ठाऊक होतं, फक्त आठवायचं नव्हतं.

"नंदिनी, झालं का?" सरांचा आवाज आला.

"होतंय, सर."

आता काय करायचं तेही मला माहीत होतं. ट्रेसची फाइल काढून टाकली की जागा मोकळी होणार आणि नोड सुरू होणार. काढावी तर लागणारच होती. आणि ती गेली की चार वाजून बारा मिनिटंही गेली. कोणी विचारणार नव्हतं. शेवटच्या हजार ओळी आधी लॅपटॉपवर उतरवून घ्यायला मिनिटभर पुरलं असतं. अडचण वेळेची नव्हतीच. माझं कंत्राटही डिसेंबरात संपत होतं.

मी फाइल काढण्याचा हुकूम टाइप केला आणि एंटरवर बोट ठेवलं. घड्याळात दोन वीस झाले होते. हात घामानं ओले झाले होते, ते मी ओढणीला पुसले आणि पुन्हा बोट ठेवलं.

तेवढ्यात तानबाकाका चहा घेऊन आले. पेटीजवळ न येता चार हात लांबच उभे राहिले. मग कप खिडकीत ठेवून त्यांनी खिशातून ओलं फडकं काढलं.

"मॅडम, जरा बाजूला होता का जी? त्याच्यावरचं हळदकुंकू पुसून घेतो. धागाबी तोडतो. मंग तरी चालू होईन ना?"

त्यांनी फडक्यानं पेटी पुसली. धागा तुटेना तेव्हा दातानं तोडला. तो मुठीत धरून मला म्हणाले, "सतरा वर्स झाले, मी तं भल्यासाठीच करत होतो जी."

मला स्वतःची किळस आली. मी टाइप केलेला हुकूम पुसला. आधी हजार ओळी उतरवून घेतल्या, मग फाइल काढली, मग 'नोड स्टार्ट'. ट्रेसशिवाय. हिरवा दिवा लागला, पडद्यावर आकडा उमटला: साडेचार डिग्री. सिस्टरनं सुटकेचा श्वास सोडला. मी लॅपटॉप उचलून सरांच्या खोलीत गेले.

उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सरांनी ओळ वाचली, फोनमध्ये फोटोची वेळ पाहिली, पुन्हा ओळ वाचली.

"तू काय सांगून राह्यली, कळतं का तुले?" सर पहिल्यांदाच ऑफिसची भाषा विसरले.

"कळतं, सर."

"अहवालात हेच लिहावं लागेल. मग पत्र तुझ्या नावाचं निघेल."

"लिहिते," मी म्हटलं. मघाचाच शब्द. सरांनी टेबलावरचा कागद दोनदा फाडला.

पाचच्या एसटीला सोडायला काका फाट्यापर्यंत आले. माझी बॅग त्यांनीच घेतली. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, चार बारा, नऊ चाळीस, ट्रेस, जागा. ते मान डोलवत ऐकत होते.

"माय," ते म्हणाले. मॅडम कुठे गेली कोण जाणे. "मले काय समजत नाई का? माह्यासाठी तू आपल्या अंगावर घेतलं. तुह्ये उपकार मी इसरत नाई."

"काका, उपकार नाही! चूक माझी आहे, खरंच माझी!" मी जवळजवळ किंचाळले.

"हो माय, हो," लहान मुलाची समजूत काढावी तसं ते म्हणाले. "पुढच्या दसऱ्याले मी दुरूनच फूल वाहीन. बटणाले हात नाई लावत."

एसटी आली. खिडकीत बसून मी अहवालाला जोडायला म्हणून ग्रुपवरचा फोटो शोधला. नऊ चाळीसच्या जागी करडी ओळ होती, 'हा संदेश काढून टाकला आहे'. काकांना निर्दोष ठरवणारा तो फोटो काकांनी लाजेनं स्वतःच काढून टाकला होता.

माझ्या फोनमध्ये तो उतरलेला होता. गाडी खड्ड्यांतून उसळत होती, तरी मी तो ग्रुपवर परत टाकायला घेतला आणि खाली लिहिलं, 'या पूजेनं काहीही बिघडलं नव्हतं. नोड त्याआधीच, पहाटे ४.१२ ला बंद पडला. ट्रेस मी सुरू ठेवला होता. नंदिनी.' पाठवा या खुणेवर पुन्हा बोट थांबलं, पण या वेळी जास्त वेळ नाही.