पाहुण्यांसाठी धुतलेला चिखल

बोनकोड्याचे गोवर्धन पाटील तीन इमारतींचे मालक, त्यात तलाव समितीचे अध्यक्ष. त्यामुळे त्यांचं मत मागायला कुणी आलं नाही, तरी ते घरपोच मिळायचं.

मुलगी रुतिका इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिने तलावालगतच्या विसर्जन कुंडात, तळाच्या चिखलात, एक काळं जाड कापड पुरलं होतं. दुसरं वर पाण्यात तरंगत ठेवून दोन्हींच्या वायरी सेन्सरच्या एका डबीला जोडल्या होत्या. चिखलातले जंतू कुजकं खाता खाता थोडी वीज सोडतात, तिच्यावर डबी चालते आणि अधूनमधून रुतिकाच्या मोबाइलवर 'पाणी ठीक' असा निरोप येतो. बॅटरी नाही, बिल नाही.

बिल नाही म्हटल्यावर गोवर्धननी कान टवकारले. "म्हंजे हे जंतू आपले भाडोत्री. माझ्या भाडोत्र्यांपरीस बरे, लाइट बी देतात."

"आणि पप्पा, पाण्यात काही विषारी आलं तर ते मलूल होतात. निरोप थांबतो. तोच अलार्म."

हे मात्र गोवर्धननी ऐकलंच नाही. त्यांना भाड्याची आठवण झाली होती आणि फोन लागला होता.

रविवारी बाहेरच्या परीक्षक येणार होत्या. कुंडावर सेन्सर स्वतः बघणार, मगच प्रोजेक्ट पास. नाहीतर रुतिकाचं वर्ष जाणार आणि तुर्भ्याच्या कंपनीने देऊ केलेली नोकरीही.

शनिवारी संध्याकाळी गोवर्धन कुंडावर एक नजर टाकायला गेले. नजरेआधी नाक पोचलं.

"शिकलेली बाई येनार, आन नाकाला रुमाल लावून उभी ऱ्हानार? पाटलाच्या गावात?"

घरी ब्लीचिंग पावडरचे डबे होतेच. त्यातले दोन आणून त्यांनी कुंडात रिकामे केले, बांबूने ढवळलं, आणि लेकीसाठी काहीतरी केल्याच्या समाधानात ते शांत झोपले.

सकाळी रुतिकाचा मोबाइल मुका. तिने वायरी तपासल्या, डबी उघडली, पुन्हा लावली. तेवढ्यात परीक्षक सुनयना मॅडम आल्याच. त्यांच्यामागे अर्धं गाव.

मोबाइलवरचा विजेचा आलेख बघून मॅडम म्हणाल्या, "काल संध्याकाळी हे धाडकन कोसळलंय. डबी बिघडली का?"

"माहीत नाही, मॅडम."

"डबी बिघडली असेल तर मी पास करू शकत नाही. पाण्यात खरंच काही पडलं असेल, तर तुझा सेन्सर एकदम चोख. पण काय पडलं, हे सांगणारं कुणी हवं."

सगळ्यांच्या माना मासळीवाल्या मैनाकडे वळल्या. कुंडात मासळी धुते म्हणून अध्यक्षांनी तिला याच आठवड्यात चारचौघांत झापलं होतं.

"माझ्याकरं काय बगता?" मैना कडाडली. "मी म्हावरा धुते, औषद नाय टाकत! आन अध्यक्स दादूस बोलल्यापासून त्ये बी बंद."

गोवर्धननी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सैल केली. एका बाजूला अध्यक्षपण आणि तोंडावर आलेली निवडणूक, दुसऱ्या बाजूला लेक. हिशेब सोपा होता, तरी त्यांना जरा वेळ लागलाच. रुतिका डबीकडे बघत होती. तिचे डोळे वाहायला लागले, तसा आकडा जुळला.

"मॅडम... त्ये मीच."

"काय टाकलंत?"

"ब्लीचिंग. दोन डबे. तुमच्यासाठीच."

"माझ्यासाठी?"

"पावने येनार म्हनून."

मैना इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. "बगा, अध्यक्सच निगाले!"

"पप्पा!" रुतिका ओरडली, पण रडायची थांबली.

मॅडमनी ओठ दाबून लिहून घेतलं. "विष ओळखण्याची चाचणी झाली म्हणायची. तीसुद्धा कुणी न सांगता. पास. मात्र जंतू परत जगवून मला आलेख पाठवायचा. कुंड उपसा, मोठ्या तलावातला ताजा गाळ आणून भरा."

"आनवतो!" गोवर्धननी मागे वळून माणूस शोधला. अर्ध्या गावाने एकदम आभाळाकडे बघितलं. मैनाने रिकामी पाटी पुढे सरकवली.

गोवर्धननी पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते तलावात उतरले. तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत गाळात गेले.

"पप्पा, नका आत जाऊ! कुणीतरी जाईल."

"गप. मीच मारले, तं मीच आननार."