दुहेरी पिकअप

मिस्त्रीने तारा एकेक करून सैल केल्या, पकडीने कचाकच तोडल्या आणि गुंडाळून टोपलीत फेकल्या. गिटार त्याने टेबलावर उताणी ठेवली आणि डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. गिटार धाकट्या बहिणीची होती. ती स्वतः डोक्याला रुमाल बांधून कारखान्याच्या दारातच उभी होती. आत यायचं तिचं लक्षण दिसत नव्हतं.

"पिकअप फुटलाय हा," तो म्हणाला. "कशाने फुटला?"

"पडली गिटार."

"कुठून? गच्चीवरून?"

"तू नवा बसव ना, दादा. दुहेरी बसव. हा एकेरी नुसता किणकिणतो. मला आता जाड आवाज हवाय."

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकाची पट्टी. तारेची थरथर पकडून ती पुढे स्पीकरकडे धाडते. दुहेरी पट्टी एकेरीच्या दुप्पट रुंद, तेव्हा जुन्या खाचेत ती मावत नाही आणि गिटारच्या अंगातलं लाकूड कोरून जागा करावी लागते. एकदा कोरलेलं लाकूड परत येत नाही, म्हणून या कामाआधी मिस्त्री गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा विचारायचा. बहिणीला त्याने ते विचारलं नाही. तिचा खालचा ओठ सुजून काळानिळा झाला होता आणि त्याला विचारायचं होतं ते त्याबद्दल.

"ओठाला काय झालं?"

"बाथरूमचं दार लागलं."

"मागच्या खेपेला कपाटाचं लागलं होतं. तुमच्या घरातल्या दारांनी तुझ्यावरच डूख धरलाय वाटतं."

ती हसायला गेली, पण ओठ ताणला गेला आणि तिने चटकन तोंडावर हात धरला. तिला सरावाला जायचं होतं. शनिवारी हॉटेलात वाजवणाऱ्या चौघीजणींपैकी ती एक, आणि आज उसन्या गिटारवर भागवणार होती.

"दाजी कुठेत?" त्याने विचारलं.

"घरी. रजा टाकलीय."

"मी बोलू त्यांच्याशी?"

"नको." पायरी उतरता उतरता ती थांबली. "या वेळी खरंच नको, दादा. तू मध्ये पडू नकोस."

हे 'नको' त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. लग्न झाल्यापासून तिने नको म्हणायचं आणि त्याने मूग गिळून बसायचं, असंच चाललं होतं. मेहुणा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकणाऱ्या बायका त्याच्या शांतपणाचं कौतुक करायच्या. घरी आल्यावर त्याचा हात सुटायचा. मिस्त्रीला हे माहीत होतं, मिस्त्रीच्या बायकोला माहीत होतं, आणि चारचौघांत दोघंही मेहुण्याला 'या दाजी, बसा दाजी' करत होती. या गोष्टीची मिस्त्रीला इतकी लाज वाटायची की आरशासमोर दाढी करताना तो स्वतःच्या डोळ्यांत बघायचं टाळायचा.

ती गेल्यावर त्याने वरची प्लास्टिकची पाटी सोडवली आणि उचलली. फुटलेल्या पिकअपच्या कडेला काहीतरी सुकून चिकटलं होतं. त्याला आधी वाटलं गंज. नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघाला, गडद तपकिरी, आणि त्यात अडकलेले केस. बोटभर लांबीचे, काळे. स्क्रूच्या डोक्यांत ते मुळासकट अडकले होते.

तो स्टुलावर बसला. मग उठून त्याने गिटारची मान हलवून पाहिली. सांध्याचे चारही स्क्रू ढिले झाले होते आणि तिथे लाकडाला उभी चीर गेली होती. पडलेल्या गिटारला अशी चीर जात नाही. मानेला दोन्ही हातांनी धरून कुणीतरी ती कुऱ्हाडीसारखी चालवली होती. इतक्या वर्षांत त्याच्या हातांखालून शेकडो गिटारी गेल्या होत्या, लाकूड कधी खोटं बोललं नव्हतं. धाकटीने मागच्याच महिन्यात केस कानापर्यंत कापले होते. आज डोक्याला रुमाल होता. त्याला आणखी काही जुळवायची गरज वाटली नाही.

त्याने साचा ठेवला, क्लॅम्प आवळले आणि लाकूड कोरायचा राऊटर सुरू केला. पातं किंचाळत लाकडात शिरलं. एरवी तो कागदाच्या जाडीएवढं लाकूड काढायचा, थांबायचा, फुंकर मारून मोजायचा. आज त्याने सगळं वजन यंत्रावर टाकलं. ढलप्या तोंडावर उडत होत्या, लाकूड जळल्याचा वास सुटला होता, आणि तो दात आवळून, आजवर कुणाची काढली नव्हती ती आई-बहीण मेहुण्याची काढत होता. खाली काही लागेनासं झालं तेव्हा तो भानावर आला. पातं आरपार गेलं होतं. गिटारच्या पाठीतली स्प्रिंगांची पोकळी त्या भोकातून दिसत होती.

आयुष्यात त्याने गिऱ्हाइकाच्या गिटारला भोक पाडलं नव्हतं. राऊटर बंद करून तो ते भोक बघत राहिला. मग पटाशीवर मारायची लाकडी मोगरी त्याने उचलली आणि कारखाना तसाच उघडा टाकून निघाला.

दोन गल्ल्या ओलांडून जिना चढला तेव्हा त्याला धापही लागली नव्हती. त्याने बेल वाजवली.

"कोण?" आतून मेहुण्याचा आवाज.

"मी. दार उघडा, दाजी."

तेवढ्यातही तोंडातून 'उघडा' निघालं, याचाच त्याला जास्त राग आला. दार साखळीपुरतं उघडलं. फटीत मेहुण्याचा डोळा आणि लोकरीची टोपी दिसली, तो डोळा मोगरीकडे गेला आणि दार लागू लागलं. मिस्त्रीने खांदा घातला. साखळी चौकटीतून खिळ्यांसकट उखडून आली आणि मेहुणा मागच्या मागे जमिनीवर बसला.

पहिला तडाखा खांद्यावर बसला. दुसरा अडवायला मेहुण्याने हात वर केला आणि मनगटात कट्कन आवाज झाला. तो गुरासारखा ओरडला. मिस्त्रीने कॉलर धरून त्याला ओढत भिंतीशी नेलं, टीपॉय आडवा आला तर लाथेने उडवला, आणि पोटात, बरगड्यांवर, जिथे मिळेल तिथे हाणलं. मोगरी निसटली तेव्हा त्याने मुठी वापरल्या. मेहुण्याचं नाक फुटलं. मिस्त्रीला बरं वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही, कित्येक वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"गिटारने मारतोस? भडव्या, गिटारने? माझ्या बहिणीला?"

डोकं भिंतीवर आपटायला म्हणून त्याने मेहुण्याच्या केसांना हात घातला आणि टोपी हातात आली. खाली कानामागून टाळूपर्यंत एक पट्टा भादरलेला होता आणि त्यावर काळ्या टाक्यांची लांबच लांब रांग होती. टाक्यांभोवतीचे केस बोटभर लांबीचे, काळे.

मिस्त्रीचा हात हवेतच राहिला.

"मी नाही मारलं," मेहुणा रक्त थुंकत म्हणाला. "तिने मारलं. चार दिवस झाले. एकच, पण... मी कुणाला बोललोय का? डॉक्टरलाही जिन्यात पडलो म्हणून सांगितलं. तिला विचार. मी बाहेरच्या खोलीत झोपतो. ती म्हणेल तसं वागतो. शप्पथ."

उघड्या दारात शेजारी जमले होते. एकाच्या हातात फोन होता. त्यांना बाजूला सारत सरावाहून परतलेली धाकटी आत आली. उसनी गिटार तिच्या पाठीवरच होती. तिने आडवा टीपॉय पाहिला, उखडलेली साखळी पाहिली, नवऱ्याचं मनगट पाहिलं. ती किंचाळली नाही. शेजाऱ्यांना तिने एवढंच सांगितलं, "घरातली गोष्ट आहे," आणि दार लोटून घेतलं.

"मला वाटलं तुझे केस..." मिस्त्री म्हणाला. "रक्त होतं गं त्याच्यावर."

"तुला सांगितलं होतं ना मी."

"तू दर वेळीच सांगतेस!"

"दर वेळी नुसतं 'नको' म्हणते. 'या वेळी खरंच नको' आजच म्हटलं." गिटार उतरवून तिने कोपऱ्यात उभी केली. "त्याने ओठ फोडला, मग मी मारलं. दादा, हा त्या दिवसापासून मला भीत होता. मी स्वयंपाकघरातून आले की पाय आखडून घ्यायचा. टीव्ही लावू का म्हणून मला विचारायचा. मी रात्री कडी न लावता झोपले, पहिल्यांदा."

मिस्त्री मटकन खुर्चीत बसला. त्याच्या बोटांची सालटं निघाली होती.

मेहुणा भिंतीला टेकून त्या दोघांचं ऐकत होता. कण्हणं केव्हाच थांबलं होतं. त्याने दाराकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या मोगरीकडे, मग मिस्त्रीकडे, आणि हळूहळू त्याचा चेहरा सैल होत गेला. बायकोने डोकं फोडलं हे त्याला कुणाला सांगता आलं नसतं. हे सांगता येणार होतं.

"दार तोडून आत आलाय हा," तो बायकोला म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय. हात मोडलाय माझा. कमीत कमी दोन-तीन वर्षं आत जाईल तुझा भाऊ."

तिने आडवा टीपॉय उचलून सरळ केला.

"आता मी काय करायचं ते तू सांग," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण त्यात विचारणं नव्हतं. मग चांगला हात मांडीवर ठेवून त्याने पाय लांब केले. "आधी पाणी आण."

मिस्त्री ताडकन उठला. "मी आणतो."

"तू बस, दादा," धाकटी म्हणाली. भावाकडे तिने पाहिलं नाही. रुमाल सोडून तिने खुंटीला अडकवला, केस कानामागे सारले आणि ती आत गेली. आत कपाट उघडल्याचा, पेला काढल्याचा आवाज आला.

मग तिचा आवाज आला.

"फ्रिजमधलं आणू, की साधं?"