गावकीचा टोप

सरस्वतीच्या घरात त्या वर्षी एकही भांडं धड राहिलं नव्हतं. दुधाच्या पातेल्याला बुडाशी बोटभर भोक पडलेलं, डब्याचं झाकण कोळपलेल्या पानासारखं मुडपलेलं, आणि बाजारात मासळी न्यायच्या पाटीचा काठ असा वितळून ओघळलेला की डोक्यावर घेतली तर कानाला टोचायची. हे सगळं एकट्या माणसाचं काम, आणि तो माणूस म्हणजे तिचा नवरा दामाजी.

दामाजी ठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात होता. कंपनीला टाळं लागलं आणि तो कळव्याच्या घरी येऊन बसला. वडिलांची होडी भावाकडं गेलेली, खाडीत मासळीही पहिल्यासारखी राहिली नव्हती. कळव्याच्या पुलाखाली पूर्वी टोपलीभर चिखलातल्या निवट्या सहज मिळायच्या, तिथं आता काळं पाणी यायचं. बसून बसून दामाजीच्या डोक्यात आलं की आपण वेल्डिंग शिकायचं. लोखंडाचं सगळेच करतात, आपण जर्मनचं करू. अ‍ॅल्युमिनियमला तिकडं सगळे जर्मनच म्हणत. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या शेडमध्ये उभं राहून त्यानं वेल्डरांची कामं पाहिली होती. पाहिलं म्हणजे आलं, असं त्याला वाटायचं.

बंद पडलेल्या एका गॅरेजातून त्यानं कार्बाइडची टाकी, ऑक्सिजनचा बाटला आणि काळा चष्मा आणला, आणि मागच्या पडवीत दुकान मांडलं. टाकीत कार्बाइडवर पाणी पडलं की गॅस सुटायचा आणि सडक्या लसणीसारखा वास घरभर पसरायचा. पडवीच्या पलीकडंच सरस्वतीचे बोंबील वाळत असायचे.

नौपाड्यात तिची ठरलेली घरं होती. तिथल्या विमलाबाईंनी एकदा बोंबील हातात घेऊन हुंगले आणि परत पाटीत टाकले.

"अगं सरस्वती, हे काय? फोडणी देऊन आणलेस की काय?"

सरस्वतीनं पाटी उचलून डोक्यावर घेतली. घरी येऊन मात्र तिनं पाटी अंगणात आपटली.

"बाजारात हसतात मना! बोंबलाला लसणीचा वास मारतो म्हणून. तुमचा हा कारखाना उचला इथनं."

"शिकताना थोडं व्हायचंच गो."

"थोडं? घरात पेज प्यायला भांडं ठेवलं नाय तुम्ही!"

खरं सांगायचं तर पहिले कितीतरी दिवस दामाजीला जर्मन कळलाच नाही. लोखंड तापलं की लाल होतं, माणसाला सावध करतं. दामाजी ज्योत धरून तसाच वाट बघत बसायचा, आता लाल होईल, मग होईल. जर्मन होता तसाच चकचकीत राहायचा आणि अचानक धप्पकन खाली गळायचा. पातेलं असं गेलं. मग त्यानं तारेचा तुकडा वितळवून भोक भरायला घेतलं, तर वितळलेले थेंब अळवावरच्या पाण्यासारखे नुसते घरंगळायचे, कडेला धरायचेच नाहीत. कोणीतरी सांगितलं, याच्यावर दुधावर साय धरते तशी साय असते, ती खरवडून काढायची आणि वर पावडर लावायची. ठाण्याला स्टेशनजवळच्या दुकानातून त्यानं पावडर आणली. मग मासळीची पाटी घेतली. तिच्यात वर्षानुवर्षं मासळीचं तेल मुरलेलं. ज्योत लागताच ती अशी तडतडली की दामाजीच्या भुवया गेल्या आणि शेजारच्या धाकूनं ओरडून विचारलं, "दामाजी, बांगडं भाजतोस काय?"

सरस्वतीला यातल्या कशाचंच हसू येत नव्हतं. बाजार तिनं करायचा, पाणी तिनं भरायचं, आणि वर हा माणूस चष्मा लावून तिचीच भांडी जाळणार. पण तिचा खरा जीव दुसऱ्याच भांड्यात अडकला होता.

गावकीची भांडी तिच्या घरी असायची. लग्नाकार्याची मोठी परात, डाव, पिंपं, आणि दोन माणसांनी उचलायचा जर्मनचा टोप. गावातल्या प्रत्येक हळदीचा भात त्या टोपात शिजायचा. भांड्यांच्या खोलीची चावी आधी तिच्या सासूकडं, दगडाबाईकडं होती. तिनं मरायच्या आधी ती सरस्वतीच्या कमरेला बांधली. चावीवाल्या बाईला हळदीच्या दिवशी नवरीच्या आईच्या शेजारी पाट असायचा. नवऱ्याची नोकरी गेली, भावकीत मान गेला, तरी तो पाट तिचा होता. त्या पाटावर बसली की ती कुणाच्याही बरोबरीची होती.

आणि टोपाची एक रीत होती. लग्न उरकलं की तो घासायचा, उन्हात वाळवायचा आणि उपडा घालायचा. त्यानंतर त्यात पहिलं पाणी पडायचं ते पुढच्या नवरीच्या नाही तर नवऱ्याच्या आईच्या हातचं. मधे कुणी थेंबसुद्धा लावायचा नाही. दगडाबाईनं हे तिला बजावून सांगितलं होतं.

त्या वर्षी गोमाजीच्या पुतण्याच्या लग्नात टोप टेम्पोतून उतरवताना पडला आणि बुडाच्या कडेला चीर गेली. गोमाजी म्हणजे गावकीचा म्होरक्या. सरस्वतीनं सगळ्यांच्या देखत सांगितलं, "टोप वागळे इस्टेटला न्या. तिकडं जर्मनचं काम करणारे आहेत. वैशाखात रंभाच्या पोरीची हळद आहे."

गोमाजी ओट्यावर विडी ओढत होता. "घरात कारागीर असताना बाहेर कशाला गो? दामाजी शिकतोयच की."

"तो शिकतोय. टोपावर शिकायचं नाय."

"बघ रे दामाजी, तुझी बायकोच तुला मोजत नाय!" गोमाजी हसला, आणि त्याच्याबरोबर बसलेले सगळे हसले. दामाजी लाजून हसला आणि म्हणाला, "करतो ना. माझ्यावर सोडा."

सरस्वतीनं त्या सगळ्यांकडं एकदा पाहून घेतलं. टोप पाडला यांनी, दुरुस्ती फुकटात हवी यांना, आणि बिघडला तर चावी कोणाची जाणार? तिची.

मात्र एक गोष्ट तिलाही मान्य करावी लागली. चैत्र लागेपर्यंत दामाजीचा हात बसला. लाल होण्याची वाट बघायची नाही, पावडर पाण्यासारखी पातळ झाली की सळी लावायची, हे त्याला कळलं. त्यानं भाताचं पातेलं सांधलं आणि ते खरंच टिकलं. तिनं ते नेहमीसारखं राखेनं, काथ्यानं खसखसून घासलं आणि चुलीवर चढवलं, थेंब गळला नाही. मग डबा सांधला, मग पाटीचा काठ. सगळं तिनं घासलं, सगळं टिकलं.

मग त्यानं टोप घेतला. एका सकाळी ती बाजारातून आली तेव्हा काम झालं होतं. चिरेच्या जागी एक जाडसर, वेडावाकडा पण भरीव वण उठला होता. तिनं बोट फिरवलं. बोटाला पांढरट भुकटी लागली.

"बरा झालाय," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात तिनं त्याला असं क्वचितच म्हटलं होतं.

दामाजी फुलून आला. "पाणी घालून बघू काय? दोन कळशा."

"पाणी? डोकं फिरलंय काय? रंभाचं पाणी पडल्याशिवाय त्याला पाणी लावायचं नाय."

"नुसतं वरनं धुऊ तरी..."

"नाय म्हणजे नाय. सुक्या फडक्यानं पुसा."

त्यानं पुसला. टोप उपडा झाला, खोलीला कुलूप लागलं. खाडीवरून दमट वारा दिवसरात्र त्या खोलीच्या फटींतून आत येत राहिला.

रंभाच्या अंगणात मांडव पडला. वैशाखाची दुपार, हळद दळून झालेली, धवलारीण लग्नाच्या गाण्यांचा सूर लावून बसलेली. तीन दगडांच्या चुलीवर टोप चढला. त्याला हळदकुंकू लागलं, समोर नारळ फुटला. सरस्वती पाटावर बसली, शेजारी रंभा. रंभानं डोक्यावर पदर घेतला, कळशी उचलली आणि पहिलं पाणी टोपात ओतलं. बाया गायला लागल्या. मागून पोरांनी पिंपातून कळशांवर कळशा ओतल्या आणि धाकूनं खाली जाळ घातला.

आधी चुलीतून सुंईऽऽ असा आवाज आला. मग धूर. मग टोपाच्या बुडाजवळचा तो वण ओल्या बिस्किटासारखा सुटला आणि पाण्याचा लोट चुलीत, लाकडांवर, रंभाच्या पायांवर आला. चूल विझली. गाणं थांबलं.

रंभा ओल्या पायांनी तशीच उभी. तिच्या तोंडाकडं बघवेना. घरच्या हळदीला पहिल्या पाण्यानं चूल विझली, असं लोक पुढं कितीतरी वर्षं सांगत राहणार, हे तिला तिथल्या तिथं कळलं होतं.

गोमाजी पुढं आला. "हे काय दामाजी?"

दामाजीनं वाकून वणावर बोट फिरवलं. भुकटी, आणि खाली चाळणीसारखी बारीक भोकं. तो पुटपुटला, "पावडर राहिली. दुकानवाला बोलला होता, गरम पाण्यानं घासून काढायची, नाय तर खाते ती जर्मनला. घरच्या भांड्यांना ही घासायचीच, म्हणून..." मग त्यानं मान वर केली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मी धुवायला मागत होतो. हिनं पाणी लावू दिलं नाय."

सरस्वती पाटावरून उठली.

"पावडर खाते, हे बोललात मना? एका शब्दानं? नुसतं धुऊ, धुऊ! मना काय माहीत कशाला धुऊ?"

"तू बोलू कुठं दिलंस?"

"घरातली सगळी भांडी जाळलीत तेव्हा बोलू दिलं नव्हतं काय? तेव्हा तर तोंड थांबत नव्हतं!"

"आता नवरा-बायकोचं घरी करा," गोमाजी म्हणाला. "चावी द्या इकडं. गावकीची वस्तू सांभाळता येत नाय तर..."

सरस्वतीनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती रंभाकडं वळली. "रंभाबाय, मांडव जेवल्याशिवाय उठणार नाय. तुझ्या सुनेला माझ्याबरोबर दे." आणि पदर खोचून ती बाहेर पडली. घरोघरी जाऊन तिनं पातेली मागितली. कुणी दिलं, कुणी दार लावून घेतलं, कुणी टोमणा मारून दिलं. प्रत्येक टोमणा तिनं ऐकून घेतला. दगड मांडून अंगणभर छोट्या चुली पेटल्या. भात कुठं करपला, कुठं कच्चा राहिला. नवऱ्याकडची माणसं बाळकुमहून आली होती, त्यांच्यातली एक म्हातारी तोंड वाकडं करून म्हणाली, "कळव्याची हळद ही अशी काय?" सरस्वतीनं तिच्या पानात आणखी भात वाढला. पण मांडव जेवला.

पंगती उठल्या तेव्हा गोमाजी मांडवाशेजारच्या ओट्यावर येऊन बसला होता, विडी पेटवून, चार माणसं बरोबर घेऊन. सरस्वती तिथं गेली. हात काजळीनं काळे, लुगडं घामानं अंगाला चिकटलेलं. तिनं कमरेची चावी सोडली आणि ओट्यावर त्याच्यासमोर ठेवली.

"घ्या. पण आधी ऐका. टोप पाडला तुमच्या पुतण्याच्या लग्नात. वागळे इस्टेटला न्या, मी बोलले, तर तुम्ही हसलात. तुमच्याबरोबर हे सगळे हसले. आज रंभाची चूल विझली ती तुमच्या फुकटेपणानं, याच्या बढाईनं आणि माझ्या रीतीनं. माझा वाटा मी घेते. तुमचा कोण घेणार?"

गोमाजीनं विडी झटकली. "तोंड सांभाळ सरस्वती."

"सांभाळलं इतकी वर्षं. आता चावी तुम्ही सांभाळा. तुमच्या घरी न्या भांडी. लग्न उरकलं की पहाटे उठून टोप घासायला तुमच्या सुनेला सांगा. आणि चावी माझ्याकडं राहायची असेल तर इथून पुढं हळदीच्या आदल्या दिवशी टोपात पाणी मी घालणार. सगळ्यांच्या देखत. गळतो काय, बघायला."

"रीत मोडणार तू?" मागून गावातली एक म्हातारी म्हणाली.

"आज काय राहिली रीत?"

गोमाजीच्या सुनेनं दारातून एकदा त्या ढीगभर परातींकडं आणि डावांकडं पाहिलं आणि आत निघून गेली. चावी ओट्यावर तशीच पडून राहिली. रंभाच पुढं आली. तिचे डोळे रडून सुजले होते. तिनं चावी उचलली आणि सरस्वतीच्या हातात न देता तिच्या पायाशी टाकली.

"घे. माझ्या पोरीच्या नशिबी आलं ते आलं. मी तुझ्याशी बोलायची नाय. पण ठेव तूच."

सरस्वतीनं वाकून चावी उचलली. याच्याहून गोमाजीनं ओरबाडून नेली असती तर बरं वाटलं असतं तिला.

घरी दामाजी पडवीत बसला होता. "तेवढा भाग कापून परत लावला तर..." तो म्हणाला. "आता मना कळलंय, धुतला की..."

"एक शब्द नको," ती म्हणाली. पुढं पुष्कळ दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली, आणि कार्बाइडची टाकी भंगारवाल्याच्या गाडीवर तिनं स्वतःच्या हातानं चढवली.

गावकीनं वर्गणी काढून नवा टोप आणला. पुढची हळद काळुरामच्या पोरीची. आदल्या दिवशी भर उन्हात सरस्वतीनं टोप काळुरामच्या अंगणाच्या मधोमध मांडला आणि कळशी उचलली. गोमाजी ओट्यावरून उठून आत गेला. काळुरामची बायको मात्र तिथंच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"काय गो, मग माझं पाणी?"

"तुझं उद्या," सरस्वती म्हणाली. "आज माझं." आणि तिनं कळशी उपडी केली.