वीसपैकी सहा

थोरली आणि धाकटी या चुलत बहिणी, आणि दोघींच्या वयात अंतर फक्त आठ दिवसांचं. आठ दिवसांच्या मोठेपणाचा कुणाला कधी उपयोग झालाय असं ऐकिवात नाही. थोरलीला तर नाहीच झाला. चालायला आधी धाकटी लागली, बोलायलाही तीच. वरच्या मजल्यावर काका-काकू आणि खालच्या मजल्यावर थोरलीचे आईबाबा. त्यामुळे धाकटीचा निकाल जिना उतरून खाली यायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नसे. काकू तो जातीने घेऊन यायची आणि वर म्हणायची, "आपल्या थोरलीलाही चांगलेच पडले असतील म्हणा."

कॉम्प्युटर सायन्सला दोघींनी एकदमच प्रवेश घेतला. आपण आधी ठरवलं होतं, हे थोरलीने पुढे कित्येकांना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

आता तिसरं वर्ष चालू होतं आणि प्रोग्रॅमिंगच्या मॅडम पुढच्या सत्रासाठी एक लॅब असिस्टंट निवडणार होत्या. एकच. लॅबमध्ये पुढच्या खुर्चीवर बसायचं आणि पहिल्या वर्षाच्या पोरांचे अडलेले प्रोग्रॅम सोडवून द्यायचे. थोरलीला ती खुर्ची हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून घास उतरत नव्हता. एकदा, आयुष्यात एकदा तरी बातमी खालून वर जावी आणि ती आपल्या आईने न्यावी, एवढंच तिचं मागणं होतं.

निवडीची पद्धत मॅडमची स्वतःची होती. अर्धे मार्क आपल्या प्रोग्रॅमला, अर्धे दुसऱ्याचा प्रोग्रॅम किती नीट तपासला त्याला. प्रत्येकाला वर्गातल्याच कुणाचा तरी प्रोग्रॅम मिळणार, पण नाव काढून. तो वाचायचा, चालवून पाहायचा, वीसपैकी मार्क द्यायचे आणि खाली शेरा लिहायचा. लिहिणाऱ्याचं नाव तपासणाऱ्याला कळायचं नाही, तपासणाऱ्याचं लिहिणाऱ्याला.

विषय होता बारा मजल्यांच्या इमारतीतल्या तीन लिफ्ट. कुठल्या मजल्यावर बटण दाबलं की कुठली लिफ्ट पाठवायची, ते प्रोग्रॅमने ठरवायचं. थोरलीने तिच्या वाट्याची फाइल उघडली आणि तिचा हात माउसवरच थांबला. प्रत्येक भागाच्या डोक्यावर शोभेच्या तारा-चिन्हांची एक ओळ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अख्ख्या वर्गात अशी नटवेगिरी करणारी एकच होती.

"सापडलीस," थोरली पुटपुटली.

मग ती चुका शोधायला बसली. तिन्ही लिफ्ट तळमजल्यावर ठेवून पाहिल्या. एकच बटण पन्नासदा दाबून पाहिलं. मध्येच वीज घालवली. लिफ्टमध्ये मावतील त्याच्या दुप्पट माणसं कोंबली. प्रोग्रॅम सगळ्याला पुरून उरला. तीन तास गेले तरी घोडं कुठेच पेंड खाईना, आणि दर खेपेला बरोबर उत्तर आलं की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एखादीला देवाने किती द्यावं? नीट रचना, नीट नावं, एक ओळ जास्त नाही, एक कमी नाही. हिला झोपेत तरी चुका होतात का!

शेवटी तिने वीसपैकी सहा मार्क दिले. शेरा लिहायला मात्र तिने वेळ घेतला, कारण तो लागायला हवा होता: "प्रोग्रॅम चालतो, पण तो का चालतो हे लिहिणाऱ्याला समजलेलं दिसत नाही. शिकवलेलं पाठ करून उतरवलं आहे." पाठवल्यावर तिला त्या आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

शुक्रवारी सकाळी सगळ्यांना आपापले मार्क आणि शेरे मिळाले. थोरली कँटीनमध्ये मुद्दाम धाकटीच्या समोर जाऊन बसली. धाकटी सँडविच खात होती, आणि चांगली मिटक्या मारत खात होती.

"किती?" थोरलीने विचारलं.

"अठरा. तुला?"

अठरा? मग ते सहा गेले कुणाकडे?

ते गेले होते गाठोड्याकडे. गाठोडं हा वर्गातला मुलगा. त्याच्या पाठीवरच्या अगडबंब बॅगेत चार्जर, वायरी, जादा पेनं, डोकेदुखीच्या गोळ्या असं सगळं असायचं आणि ते सगळं वर्ग वापरायचा. या विषयात तो गेल्या वर्षी नापास झाला होता. थोरलीला तो ऑफिसबाहेर रांगेत सापडला. हातात विषय सोडण्याचा अर्ज होता. का सोडतोस, म्हणून तिने विचारलं.

"चार रविवार शिकवलं गं धाकटीने," तो म्हणाला. "मग लिहिलं मात्र सगळं मी एकट्याने. ती ताऱ्यांची ओळ तेवढी तिची उचलली. म्हटलं, चांगली सवय आहे, लागू दे. पहिल्यांदाच वाटलं होतं की आपल्याला जमतंय." त्याने तो शेरा मोबाइलवर तिला वाचायला दिला. "ज्याने तपासलाय तो हुशार आहे. बरोबर ओळखलं त्याने. मी पाठच करतो बहुतेक."

धाकटीला जो शेरा नुसता ओरखडा काढून गेला असता, त्याने हे पोर आडवं केलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं, आणि वांगं उलट शाबासकी देत होतं.

गप्प राहणं सोपं होतं. तपासलेलं मागे घ्यायची मुदत पाच वाजेपर्यंत होती, पण मागे घेणाऱ्याला तपासणीचे मार्क शून्य. शून्य म्हणजे खुर्ची गेली. आणि गेली म्हणजे कुणाकडे गेली असती, हे सांगायला ज्योतिषी नको होता. गाठोडं काय, पुढच्या वर्षी पुन्हा बसेल, असंही थोरलीच्या मनात येऊन गेलं. नाही कशाला म्हणायचं? पण रांग एक माणूस पुढे सरकली आणि गाठोड्याने बॅगेतून पेन काढून मागच्या मुलीला दिलं, तिने मागायच्या आधीच.

"ते सहा मी दिलेत," थोरली म्हणाली. "मला वाटलं, तो प्रोग्रॅम धाकटीचा आहे."

गाठोडं चिडलं नाही. वर्गात शंका विचारायचा तसंच त्याने विचारलं, "म्हणजे तिचा असता तर सहा बरोबर होते?"

थोरलीने त्याच्या हातातला अर्ज काढून घेतला आणि ती सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेली. तपासणी मागे घेण्याच्या अर्जावर कारणासाठी एकच ओळ होती. तिने तिथे लिहिलं, "हा प्रोग्रॅम माझ्या बहिणीचा आहे असं समजून मार्क दिले."

मॅडमनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. "याचा परिणाम माहीत आहे ना?"

"हो."

"ठीक आहे. मी स्वतः तपासते तो." त्यांनी कागद ट्रेमध्ये टाकला. एक शब्द रागाचा बोलल्या असत्या तर थोरलीला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी बहिणी नेहमीसारख्या चालत घरी निघाल्या. कोपऱ्यावर धाकटीचा मोबाइल वाजला. तिने वाचलं, आणि थोरलीने तिच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. मनाची तयारी केली होती, तरी आत भडका उडालाच. चांगलं काम केल्यावर मन शांत होतं म्हणतात. म्हणणाऱ्यांना चुलत बहीण नसावी.

"मला मिळालं," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "पण तुझं काय झालं? तुझी तपासणी तर नेहमी एक नंबर असते."

"शून्य मिळाले. एकाला सहा दिले होते. तुझा प्रोग्रॅम समजून."

धाकटी चालता चालता थांबली. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी ती बाजूला झाली नाही.

"एवढी काय चूक सापडली होती त्यात?"

"एकही नाही," थोरली म्हणाली. "म्हणूनच सहा दिले."